कॅप्टन बर्वे यांचा ताड

कॅप्टन मुकुंद बर्वे आपली जीप सुरू करण्याआधी तिला एक पूर्ण प्रदक्षिणा घालत. त्यात श्रद्धेचा भाग नव्हता. प्रत्येक चाकापाशी थांबून ते टायरवर तळहात ठेवत, वाकून गाडीच्या पोटाखाली पाहत, दिव्यांवर टिचकी मारत, आणि मग आत बसून खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत, "क्लिअर!" विमानाचा पंखा फिरायला लागण्याआधी जवळ कोणी उभं असेल तर त्याने बाजूला व्हावं, म्हणून वैमानिक ही आरोळी देतात. जीपला पंखा नव्हता. पण शहापूरच्या बाजारपेठेत ती आरोळी पहिल्यांदा उठली तेव्हा भाजीवाल्या बायकांनी टोपल्या उचलून पळ काढला. पुढे वर्षभरात आसनगाव स्टेशनाबाहेरचे टेम्पोवालेही गाडी काढताना "किलियर!" ओरडायला लागले. टायर मात्र त्यांच्यापैकी कोणी बघत नसे.

माझी त्यांची पहिली भेट आमच्या वाचनालयात झाली. मी तिथे ग्रंथपाल होतो. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा एक माणूस टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "विमानांवर काय आहे तुमच्याकडे?" आमच्याकडे विहिरींवर होतं, कुक्कुटपालनावर होतं, संतांवर पुष्कळच होतं. विमानांवर काही नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून मी पतंग कसे करावेत याचं एक मुलांचं पुस्तक काढून दिलं. आठवड्याने त्यांनी ते परत आणलं.

"ग्रंथपाल, या लेखकाला वाऱ्याची समज आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "हल्लीच्या वैमानिकांना हे सक्तीचं करायला हवं."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्या क्षणापासून मला हा माणूस आवडायला लागला.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मुंबईचा वैमानिक निवृत्त झाला की समुद्र दिसणारी गॅलरी शोधतो. बर्व्यांनी सापगावजवळ, भातसा नदीच्या एका वळणावर, ज्यात भात पिकत नाही अशी खडकाळ वरकस जमीन घेतली. ती त्यांनी वरून पसंत केली होती. खरं तर त्यांच्या बायकोने केली होती.

त्याची हकिगत अशी. तरुणपणी ते मुंबई-नागपूर मार्गावर डकोटा चालवत. डकोटा म्हणजे दोन पंख्यांचं, शेपटी जमिनीला टेकवून बसणारं जुनं विमान. ते पावसात गळायचं. "मांडीवर पाणी पडायचं आमच्या," कॅप्टन अभिमानाने सांगत. "तेव्हा कळायचं की बाहेर पाऊस आहे. आता यांना पडद्यावर बघावं लागतं." त्या काळी ओळखीच्या माणसाला पुढे वैमानिकाजवळ बसवलं तर चालायचं. एकदा त्यांनी सुमतीबाईंना तसं बसवलं. खाली तानसा तलाव आला, रेल्वेचे रूळ आले, नदी आली, आणि सुमतीबाईंनी डावीकडे बोट केलं. नदीच्या वळणावर सदऱ्याच्या बटणासारखं गोल तळं होतं आणि त्याच्या काठावर एकच ताडाचं झाड. "ते बटण बघा," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी तिथं राहू या." नंतर त्या मार्गावरून जाताना दर वेळी कॅप्टन ते बटण बघत आणि घरी येऊन सांगत, "तुझं तळं जागेवर आहे." डकोटा गेली, जेट आली. जेटही त्यांनी चालवली, पण नाइलाजाने दुसरं लग्न केल्यासारखी. म्हातारपण यायच्या आधीच सुमतीबाई गेल्या. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात कॅप्टन ते तळं विकत घ्यायला निघाले.

ते मुरबाडच्या बाजूने आले, कारण आदल्या रात्री तिथे एका मित्राकडे मुक्काम होता. हातात स्वतः काढलेला नकाशा होता. त्यात गाव नव्हतं की रस्ता नव्हता. होती ती नदी, रूळ, तलाव आणि उडण्याची दिशा दाखवणारा एक बाण. हा नकाशा घेऊन ते काशिनाथ वेखंडे या शेतकऱ्याच्या अंगणात उतरले. काशिनाथच्या चुलत्याची जमीन विकायची होती.

"नकाशा बघून बोलले, रूळ हलवलेले दिसतात," काशिनाथ मला पुढे कितीदा तरी सांगायचा. "मी बोललो, साहेब, रूळ कोण हलवंल? तर बोलले, रेल्वेवाल्यांचा काय भरवसा."

जमिनीत तळं नव्हतं. कॅप्टन म्हणाले, बुजवलं असेल. ताडही नव्हता. कॅप्टन म्हणाले, तोडला असेल. या दुसऱ्या गोष्टीने मात्र ते फार दुखावले आणि जो भेटेल त्याला विचारत सुटले, "तो ताड कोणी तोडला?"

"ताड नव्हता साहेब इथं कधी," काशिनाथ म्हणायचा. "ताड पलीकडं हाय, नदीच्या. आमच्या तळ्यावर."

"तो वेगळा. माझा इथे होता."

"मी जन्मलो ना इथं."

"काशिनाथ, तू खालून बघतोस. खालून झाडं झाडांच्या मागे लपतात. मी वर्षानुवर्षं वरून बघितलाय."

काशिनाथ मान वर करून आभाळाकडे बघे. तो काही वर गेलेला नव्हता. हळूहळू त्याचाही धीर सुटला. मग गावातल्या एका म्हाताऱ्याला आठवलं की होता, होता, एक ताड होता. दुसऱ्याला आठवलं की त्याच्या आज्याने त्या ताडाची ताडी प्यायली होती. तिसऱ्याने ती ताडी किती गोड होती ते सांगितलं आणि तशी आता कुठे मिळते, म्हणून उसासाही टाकला. दोनेक वर्षांत सापगावात त्या ताडाच्या इतक्या आठवणी जमल्या की मलाच तो अंधुकसा दिसायला लागला. शेवटी कॅप्टननी जुन्या जागी म्हणून एक तळं खणून घेतलं आणि एक ताड लावला. तळ्यातलं पाणी दिवाळीनंतर टिकत नसे. ताड गुडघ्याएवढा झाला आणि तिथेच विचार करत थांबला.

पण घर त्यांनी हौसेने बांधलं. लाल पत्र्याच्या उतरत्या छपरावर पांढऱ्या रंगात, माणसापेक्षा मोठ्या अक्षरांत 'सापगाव' असं लिहून घेतलं. जुन्या काळी वाट चुकलेल्या वैमानिकासाठी छपरांवर अशी नावं लिहीत.

"पण हल्ली वाट कोण चुकतं?" मी विचारलं.

"तीच तर शोकांतिका आहे," ते म्हणाले.

स्वतः ते जमिनीवर रोज चुकत. शहापूरहून सापगावला येताना किन्हवलीच्या रस्त्याला लागत आणि तिथल्या माणसाला "तानसा कोणत्या बाजूला राहिला?" असं विचारत. त्या माणसाला तानसा माहीत असे, पण तो बसने जात असल्यामुळे तो कोणत्या बाजूला आहे याचा त्याने कधी विचार केलेला नसे.

घरासमोर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. विमानतळावर खांबाला नारिंगी कापडाची लांबट पिशवी फडफडते ना, तशी. ती शिवायला आम्ही दोघं शहापूरच्या शिंप्याकडे गेलो. कॅप्टननी कागदावर आकृती काढून दाखवली. शिंप्याने ती बराच वेळ पाहिली.

"एकच पाय?"

"एकच."

"खालून मोकळा?"

"मोकळाच हवा."

शिंप्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. पिशवी छान शिवली. सवयीप्रमाणे वरच्या बाजूला नाडी घातली होती. कॅप्टननी ती नाडीसकट खांबाला चढवली आणि गावाने तिचं नाव 'कॅप्टनचा लेंगा' ठेवलं. मळणीच्या दिवसांत भाताची उफणणी करायला वारा लागतो, आणि तो कधी येईल याची वाट बघत बायका सूप घेऊन बसून राहतात. आता त्यांचं काम सोपं झालं. "अगो, लेंगा फुगला, चला!" अशी हाक आली की आजूबाजूच्या खळ्यांवर सुपं उचलली जात. विमान त्या पिशवीच्या भरवशावर एकही उतरलं नाही, पण तांदूळ बराच निघाला.

महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या ओटीवर दरबार भरे. जेट चालवून निवृत्त झालेले डिसा मुंबईहून येत. मुरबाडहून ऐंशी ओलांडलेले गुप्ते येत. बर्व्यांनी पहिला मुक्काम केला तो यांच्याचकडे. गुप्त्यांनी उघड्या, दुपंखी विमानांवर मुलांना उडायला शिकवलं होतं. बसण्याचा क्रम वयाने नव्हे, विमानाच्या जुनेपणाने ठरे. गुप्त्यांना आरामखुर्ची, बर्व्यांना वेताची खुर्ची, डिसांना स्टूल. डिसा तिघांत श्रीमंत होते, पण फक्त जेट चालवलेल्या माणसाला पाठ टेकायला मिळत नसे.

बोलण्याचा विषय एकच, की उडण्यातली मजा कधी संपली.

डिसा म्हणत, "विमानातला इंजिनीअर काढला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर बसवला, त्या दिवशी संपली."

बर्वे म्हणत, "तुमचं जेट आलं त्या दिवशी संपली. जेटला काही आवाज आहे? कुत्र्यावर गरम पाणी पडल्यासारखं ओरडतं."

गुप्ते डोळे मिटून म्हणत, "डोक्यावर छप्पर आलं आणि वैमानिक संपला. तोंडावर वारा नाही, त्याला उडणं म्हणू नये. बसणं म्हणावं. आणि माझे गुरू म्हणायचे, ब्रेक आले तेव्हाच सगळं संपलं. त्यांच्या विमानांना ब्रेक नसायचे."

"मग थांबायचे कसे?" मी विचारलं.

"विमानाला थांबावंसं वाटेल तेव्हा ते थांबायचं," गुप्ते म्हणाले. त्यावर तिघांनी आदराने मान खाली घातली.

मी घरी जाताना हिशेब मांडला. प्रत्येकाच्या मते सुवर्णकाळ त्याच्या उमेदीत संपला होता आणि त्याच्या गुरूच्या मते त्याआधी. असं मागे मागे गेलं तर विमानाचा शोध लागण्याच्या आदल्या दिवशी उड्डाणकला ऐन भरात असली पाहिजे. हे मी पुढच्या रविवारी बोलून दाखवलं. मला वाटलं, रागावतील. गुप्ते म्हणाले, "तुम्हाला कळायला लागलंय."

एकदा काशिनाथ ओटीच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "आमचं पण तसंच झालं. ट्रॅक्टर आला न् नांगरणीतली मजा गेली. बैलाला कळायचं, माणूस आज रागात हाय का बरा हाय."

"वेडेपणा आहे," कॅप्टन ताडकन म्हणाले. "ट्रॅक्टर ही प्रगती आहे. बैलांच्या आठवणी काढत बसू नये माणसाने."

ओटीवर कोणालाही यात विसंगती दिसली नाही. पण त्या दिवसापासून काशिनाथला बसायला पाट मिळू लागला. त्याची जागा डिसांच्या वर होती.

कॅप्टनची एक प्रतिज्ञा होती. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "मी विमानात मागे बसणार नाही." मागे म्हणजे प्रवाशांत. ती त्यांनी अशी पाळली की दिल्लीला जुन्या वैमानिकांचा मेळावा झाला, त्यालाही ते रेल्वेने गेले आणि मेळावा संपल्यावर पोचले. गाडी लेट झाली होती. "पण रस्ताभर ड्रायव्हर पुढे बसून गाडी चालवत होता," ते समाधानाने म्हणाले.

या प्रतिज्ञेचा त्रास एकाच व्यक्तीला होता. त्यांची मुलगी नंदिनी स्वतः वैमानिक झाली होती. तिचं विमान अगदी नव्या पद्धतीचं. त्यात सुकाणू नव्हतं, मांडीजवळ एक छोटा दांडा होता आणि बाकी सगळे पडदे. संध्याकाळी मुंबईला उतरणारी विमानं सापगाववरून जात. कॅप्टन अंगणात उभे राहून वर बघत आणि मला सांगत, "ती बघा. वर बसून टायपिंग करतेय." पण नंदिनीचं विमान कोणतं, हे त्यांना आवाजावरून बरोबर कळे आणि ते दिसेनासं होईपर्यंत ते आत जात नसत.

दोन हजारच्या पुढे काही वर्षांनी नंदिनी कॅप्टन झाली. सुटीच्या दिवशी ती सापगावला आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, एकदा तरी माझ्या विमानात बसा."

"मागे?"

"पुढे आता कोणाला बसू देत नाहीत."

"तेच म्हणतो मी. जमाना गेला."

"नागपूरला आत्याकडे मुंज आहे. ती फ्लाइट मी घेते. तुमचाच जुना मार्ग."

कॅप्टन वरणभात कालवत राहिले. ओटीवर बसलेला काशिनाथ तिथूनच म्हणाला, "जावा की साहेब. आपला लेंगा वरनं दिसतो का बघून या. बाईंची जागा पण दिसंल."

कॅप्टनचा हात थांबला. ती जागा वरून बघायचं सुख त्यांनी सोडून कितीतरी वर्षं झाली होती. ते म्हणाले, "डावीकडची खिडकी लागेल." मग नंदिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुम्ही त्यांच्याबरोबर जाल? ते एकटे मागे बसले तर प्रवासी उतरून जातील." अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो.

पावसाळा नुकताच संपला होता, आभाळ स्वच्छ होतं. बसने आम्हाला विमानाच्या पायऱ्यांपाशी सोडलं. कॅप्टन पायऱ्यांकडे न जाता चाकाकडे निघाले. एका सुरक्षारक्षकाने त्यांना अडवलं.

"अंकल, उधर नहीं जाना."

"टायर देखना है."

"टायर ठीक है अंकल."

"तूने देखा?"

तो तरुण गडबडला. त्याने खरोखर वळून टायरकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाँ अंकल, अभी देखा." कॅप्टननी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पायऱ्या चढले.

आत ध्वनिक्षेपकावरून नंदिनीचा आवाज आला. तिने आपलं नाव सांगितलं, हवामान सांगितलं. कॅप्टन खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आवाज आईचा आहे." मग इंजिन सुरू झालं. खिडकी उघडत नव्हती, म्हणून त्यांनी बंद खिडकीशीच जोरात आरोळी दिली, "क्लिअर!" पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

विमान वर गेलं. कॅप्टन कपाळ काचेला टेकवून मला खालचा मुलूख सांगू लागले. ही खाडी. हे कल्याण. हे रूळ, बघा, जिथे होते तिथेच आहेत. तो चकाकतोय तो तानसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना एकही वाट न चुकता बोलताना ऐकत होतो.

"आता वळण येईल. आता... डावीकडे... ते बघा!"

मीही वाकून पाहिलं. पिवळ्या भातशेतांत नदीचं वळण होतं. त्याच्या डाव्या काठावर, सदऱ्यावर लावलेल्या बटणासारखं, गोल तळं होतं. ते पाण्याने चमचमत होतं. आणि नदीच्या उजव्या काठावर, तळ्यापासून चांगलंच दूर, एक लाल ठिपका होता आणि त्यावर पांढरा पुसट ओरखडा. ते आमच्या कॅप्टनच्या घराचं छप्पर होतं. त्याच्यावर लिहिलं होतं 'सापगाव'.

मला समजायला थोडा वेळ लागला, त्यांना लागला नसावा. उडताना त्यांची सवय एकच, जिकडे जायचं ते कागदाच्या वर. नकाशा त्यांनी मुंबईहून नागपूरकडे जातानाचा काढला होता आणि जमीन शोधायला ते मुरबाडकडून, उलट बाजूने, आले होते. कागद फिरवायचा राहिला. डावा काठ उजवा झाला, रूळ भलतीकडे गेले, ताड कोणीतरी तोडला. तळं आणि ताड मात्र काशिनाथ पहिल्या दिवसापासून सांगत होता तिथेच उभे होते.

कॅप्टन मान वळवून मागे बघत राहिले. बटण मागे मागे गेलं, मग पंखाखाली गेलं. त्यांनी हवाई सुंदरीला खूण करून बोलावलं.

"कॅप्टनना सांगा, विमान मार्गापासून जरा सरकलंय."

"सर?"

"राहू दे," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा काचेला कपाळ टेकवलं.

विमान इतकं अलगद उतरलं की मला ते उतरलं हे थांबल्यावर कळलं. बाहेर पडताना नंदिनी दाराशी उभी होती, खांद्यावर चार पट्ट्या आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलीचा भाव.

"ब्रेक जास्त वापरलेस," कॅप्टन म्हणाले.

"बाकी?"

"बाकी... तुझ्या आईला आवडलं असतं."

नंदिनीने ओठ घट्ट मिटले. मग विचारलं, "घर दिसलं? आईची जागा?"

मी पायऱ्यांकडे बघायला लागलो.

"दिसली," कॅप्टन म्हणाले. "अजून तशीच आहे."

नागपूरहून आम्ही रेल्वेने परतलो, आणि पुढच्या रविवारी ओटीवर सगळे वृत्तान्त ऐकायला जमले. कॅप्टननी वेताच्या खुर्चीत बसून घसा साफ केला. "मी आजवर जे म्हणत होतो, ते सिद्ध झालं," ते म्हणाले. "हल्लीच्या विमानांतून जमीनसुद्धा चुकीच्या जागी दिसते."

"दिसणारच," गुप्ते म्हणाले. "काचेआडून काय दिसणार?"

"कॉम्प्युटर," डिसा म्हणाले.

मी चहाचा कप तोंडाला लावला. काशिनाथ काही तरी बोलणार होता, पण त्याने कॅप्टनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

आठवड्याभरात कॅप्टननी लेंगा उतरवला. म्हणाले, इथला वारा खोटा आहे, पलीकडचा खरा आहे. खांबासकट लेंगा काशिनाथच्या तळ्याकाठी, ताडाशेजारी उभा राहिला. मग ते म्हणाले, नियमाप्रमाणे अशा खांबाभोवती पांढरं वर्तुळ लागतं. त्यासाठी सगळ्या तळ्याच्या काठचे दगड चुन्याने रंगवून घेतले.

"साहेब, म्हशी पाण्यावर जाईना झाल्या," काशिनाथने तक्रार केली. "बुजतात."

"सवय होईल त्यांना. नव्या गोष्टींना नावं ठेवू नयेत."

रोज संध्याकाळी ते पूल ओलांडून तिथे जायला लागले. पहिले काही दिवस चुकले. एकदा तर सरळ किन्हवलीला पोचले. मग काशिनाथ पुलाशी येऊन थांबू लागला आणि पुढे चालत त्यांना नेऊ लागला. तळ्याकाठी दोघं बसत. नंदिनीचं विमान वरून गेलं की काशिनाथ म्हणे, "ताई गेली." कॅप्टन घड्याळ बघून म्हणत, "उशीर केला." मी कधीमधी तिथे जाऊन बसे. त्यांनी मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त एकदा, लेंगा वाऱ्याने टरारून फुगलेला असताना, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमतीनं बोट बरोबर दाखवलं होतं."

पुढे त्यांचं हृदय थकलं. कल्याणच्या दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका आली, तेव्हा त्यांनी आधी ड्रायव्हरला तिच्याभोवती फिरायला लावलं. मागचं एक टायर खरोखरच गुळगुळीत निघालं. ते बदलेपर्यंत कॅप्टन ओटीवर वाट बघत बसले. मग स्ट्रेचरवर झोपायला साफ नकार देऊन ते ड्रायव्हरशेजारी बसले. "मागे एकदाच बसलो," ते म्हणाले, "आणि ते मुलीसाठी." खिडकीतून आरोळी द्यायला दम नव्हता. ती काशिनाथने दिली. जमलेले सगळे लोक सवयीने दोन पावलं मागे सरले.

ते परत आले नाहीत.

लेंगा अजून आहे. कापड विरलं की काशिनाथ शहापूरच्या त्याच शिंप्याकडे जातो. त्याला आता काही सांगावं लागत नाही, नाडी तो न विसरता घालतो. दगडांना दर दिवाळीला चुना लागतो. म्हशींना सवय झाली आहे.

मध्यंतरी नंदिनी भेटायला आली होती. आम्ही तळ्याकाठी बसलो होतो. जागेचं ते सगळं प्रकरण मी तिला सांगावं की नाही, याचा मी मनाशी विचार करत होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, परवा गंमत झाली. नवीन मुलगा होता माझ्याबरोबर, सहवैमानिक. इथवर आलो तर त्याने खाली बोट केलं. ते पांढरं वर्तुळ दिसतं ना वरून. मला म्हणतो, मॅडम, तुम्हाला माहितीय? इथे पूर्वी विमानतळ होता. डकोटा उतरायच्या. सीनिअर लोक सांगतात. म्हणतो, काय दिवस असतील ते, आम्ही फार उशिरा जन्मलो."

"मग तू काय म्हणालीस?"

नंदिनी ताडाकडे बघत होती. वारा पडला होता, लेंगा खांबाला चिकटून लोंबत होता.

"म्हटलं, हो ना," ती म्हणाली. "तेव्हा ब्रेकसुद्धा नसायचे."